अंतरसूत्राचे रूप आणि अवकाश-कालाची भूमिती : सहनिर्देशकांची निवड व वक्रतेचे वास्तव

सारांश

व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षण हे अवकाश-कालाच्या वक्रतेचे रूप आहे. ही वक्रता ज्या अंतरसूत्रातून व्यक्त होते त्याचे बाह्यरूप मात्र सहनिर्देशकांच्या निवडीनुसार बदलते. म्हणून सूत्रात दिसणारी एखादी गोष्ट प्रत्यक्ष भूमितीची आहे की केवळ लेखनपद्धतीची, हा प्रश्न या सिद्धांताच्या अभ्यासात वारंवार उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात श्वार्झशिल्ड यांची उकल, डी सिटर यांचे विश्व आणि गुरुत्वतरंग या तीन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. तसेच नव्या उकलींचे परीक्षण करताना अविकारी राशींचा उपयोग कसा व कोठपर्यंत करता येतो, याचा विचार केला आहे.

बीजशब्द : अवकाश-काल, अंतरसूत्र, सहनिर्देशक, वक्रता, अविकारी राशी, अचूक उकल.

१. प्रस्तावना

आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी २५ नोव्हेंबर १९१५ रोजी बर्लिन येथील प्रशियन विज्ञान अकादमीपुढे आपली क्षेत्र समीकरणे अंतिम रूपात मांडली. या समीकरणांच्या एका बाजूस अवकाश-कालाची वक्रता, तर दुसऱ्या बाजूस द्रव्य व ऊर्जा आहे. समीकरणे सोडविणे म्हणजे त्यांचे समाधान करणारे अंतरसूत्र शोधणे होय. जवळच्या दोन घटनांमधील अंतर सहनिर्देशकांतील फरकांवरून कसे काढावे हे सांगणारे सूत्र म्हणजे अंतरसूत्र. गणिताचे अभ्यासक त्यास ‘मेट्रिक’ या नावाने ओळखतात.

सिद्धांताची एक मूलभूत अट अशी की कोणतीही सहनिर्देशक पद्धती वापरली तरी समीकरणांचे स्वरूप तेच राहिले पाहिजे. ही मुभा संशोधकाला मोठी सोय देते, परंतु तिच्याबरोबर एक जबाबदारीही येते. गावाच्या नकाशात गट क्रमांक नव्याने घातले म्हणून बांधाच्या आतील जमीन वाढत नाही की घटत नाही. त्याचप्रमाणे सहनिर्देशक बदलल्याने अवकाश-काल बदलत नाही, त्याचे वर्णन तेवढे बदलते. मात्र जमिनीचा बांध डोळ्यांना दिसतो, अवकाश-कालाचा दिसत नाही. अभ्यासकाच्या हाती असते ते केवळ सूत्र. त्या सूत्रातून भूमिती कोणती आणि नकाशाच्या खुणा कोणत्या हे वेगळे करणे प्रत्यक्षात किती कठीण आहे, याची साक्ष या विषयाचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास देतो.

२. आतून मोजता येणारी वक्रता

या विचाराचा उगम कार्ल फ्रीड्रिख गाउस यांच्या कार्यात आहे. पृष्ठभागाची वक्रता बाहेरून न पाहता, केवळ पृष्ठभागावरच घेतलेल्या मापांवरून ठरविता येते, हे त्यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध केले. कागदाची सुरळी केली तर ती बाहेरून वक्र दिसते, परंतु तीवर काढलेल्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशच राहते. आतल्या भूमितीच्या दृष्टीने सुरळी सपाटच होय. याउलट पृथ्वीगोलावर विषुववृत्त आणि एकमेकांपासून ९० अंशांवरील दोन रेखावृत्ते यांनी होणाऱ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज २७० अंश भरते. ही वक्रता कोणत्याही नकाशाने नाहीशी करता येत नाही.

बेर्नहार्ट रीमान यांनी १८५४ मध्ये गटिंगेन येथील व्याख्यानात हीच कल्पना कितीही मितींच्या अवकाशापर्यंत नेली. चार मितींच्या अवकाश-कालात प्रत्येक बिंदूपाशी वक्रतेचे २० स्वतंत्र घटक असतात. ते सर्व घटक एखाद्या प्रदेशात सर्वत्र शून्य असतील तर तो प्रदेश सपाट असतो, मग त्याचे अंतरसूत्र कितीही गुंतागुंतीचे दिसो.

एका सोप्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. क्ष हा अवकाशाचा व थ हा कालाचा सहनिर्देशक मानू. क्षमधील सूक्ष्म फरकाच्या वर्गातून, क्ष² गुणिले थमधील सूक्ष्म फरकाचा वर्ग वजा केल्यावर अंतराचा वर्ग मिळतो असे समजू. येथे क्ष शून्य होताच कालाचा गुणक शून्य होतो आणि सूत्र निकामी झाल्यासारखे वाटते. परंतु क्ष आणि थ यांच्या अपास्तीय कोज्येचा गुणाकार हा नवा अवकाश-सहनिर्देशक आणि क्ष व अपास्तीय ज्येचा गुणाकार हा नवा काल-सहनिर्देशक घेतल्यास विशिष्ट सापेक्षता सिद्धांतातील साधे, सपाट अंतरसूत्र हाती येते. अवकाश-कालात कोठेही बिघाड नव्हता. सतत प्रवेगाने जाणाऱ्या निरीक्षकाला सोयीच्या असलेल्या नकाशाची ती कडा होती. उत्तर ध्रुवावर सर्व रेखावृत्ते एकत्र येतात म्हणून तेथे पृथ्वीचा पृष्ठभाग फाटत नाही, तसाच हा प्रकार आहे.

३. श्वार्झशिल्ड उकल : एका भ्रमाचा इतिहास

समीकरणे प्रसिद्ध झाल्यानंतर काही आठवड्यांतच कार्ल श्वार्झशिल्ड यांनी पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर असताना गोलाकार वस्तूबाहेरील निर्वात क्षेत्राची अचूक उकल शोधली. ती जानेवारी १९१६ मध्ये अकादमीपुढे ठेवण्यात आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे निधन झाले. आज प्रचलित असलेल्या रूपात या उकलीचे सूत्र दोन ठिकाणी बिघडते : केंद्रापाशी आणि वस्तुमानाच्या प्रमाणात ठरणाऱ्या एका विशिष्ट त्रिज्येपाशी. सूर्याइतक्या वस्तुमानासाठी ही त्रिज्या सुमारे २.९५ किलोमीटर, तर पृथ्वीइतक्या वस्तुमानासाठी सुमारे ९ मिलिमीटर येते.

या त्रिज्येपाशी काय घडते, हा प्रश्न चार दशकांहून अधिक काळ संदिग्ध राहिला. तेथे अवकाश-काल संपतो असा अनेकांचा समज होता. वस्तुतः आर्थर एडिंग्टन यांनी १९२४ मध्येच असे सहनिर्देशक लिहिले होते, ज्यांत तेथील बिघाड उरत नाही. मात्र त्यांनी या गोष्टीकडे लक्ष वेधले नाही. हा बिघाड केवळ सहनिर्देशकांचा आहे असे जॉर्ज लमेत्र यांनी १९३३ मध्ये स्पष्टपणे मांडले, पण ते फारसे विचारात घेतले गेले नाही. पुढे १९५८ मध्ये डेव्हिड फिंकेलस्टाइन यांनी त्या पृष्ठाचा अर्थ विशद केला : ते एकाच दिशेने ओलांडता येणारे पृष्ठ आहे. १९६० मध्ये मार्टिन क्रुस्कल व जॉर्ज सेकेरेश यांनी संपूर्ण अवकाश-काल व्यापणारे सहनिर्देशक दिले. आज आपण ज्याला कृष्णविवराचे घटना क्षितिज म्हणतो ते हेच पृष्ठ होय.

सहनिर्देशकांवर अवलंबून नसलेली एखादी राशी काढली असती तर हा निर्णय बराच आधी झाला असता. वक्रतेच्या घटकांच्या वर्गांतून तयार होणारी, क्रेचमान यांच्या नावाने ओळखली जाणारी राशी या उकलीत वस्तुमानाच्या वर्गाच्या सम प्रमाणात व त्रिज्येच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात येते. क्षितिजापाशी तिचे मूल्य सांत असते, केंद्राकडे जाताना मात्र ती अमर्याद वाढते. म्हणजे पहिला बिघाड नकाशाचा, तर दुसरा खुद्द भूमितीचा. शिवाय क्षितिजापाशी असलेली वक्रता वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने कृष्णविवर जितके मोठे तितके त्याचे क्षितिज सौम्य. एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे चित्र एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट आहे आणि त्याची क्षितिज-त्रिज्या सुमारे १९०० कोटी किलोमीटर भरते. अशा क्षितिजातून आत पडणाऱ्या वस्तूला त्या क्षणी भरती-ओहोटीसारखा ताण जवळजवळ जाणवणार नाही.

केंद्रातील बिघाड तरी खरा की पूर्ण गोलाकारतेच्या गृहीतकामुळे आलेला, अशी शंका शिल्लक होती. तिला उत्तर देण्याचा मार्ग अमल कुमार रायचौधरी यांनी कोलकाता येथून १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणाने खुला केला. हे समीकरण कणांच्या समूहाचे आकारमान कसे बदलते ते सांगते आणि कोणत्याही सममितीवर विसंबत नाही. याच समीकरणाच्या आधारे रॉजर पेनरोज यांनी १९६५ मध्ये आपला सिंग्युलॅरिटीविषयक प्रमेय सिद्ध केला, ज्यासाठी २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग त्यांना मिळाला. सूत्राचे रूप बाजूस ठेवून भूमितीलाच प्रश्न विचारण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

४. डी सिटर विश्व : स्थिर की प्रसरणशील?

विलेम डी सिटर यांनी १९१७ मध्ये द्रव्यरहित, परंतु विश्वस्थिरांक असलेल्या विश्वाची उकल मांडली. स्थिर रूपात लिहिल्यास तिच्यात कालानुसार काहीही बदलत नाही. लमेत्र यांनी १९२५ मध्ये आणि एच. पी. रॉबर्टसन यांनी १९२८ मध्ये तीच भूमिती अशा सहनिर्देशकांत मांडली की अवकाश कालानुसार प्रसरण पावताना दिसावे. एवढेच नव्हे, तर कालाचे काप वेगवेगळ्या तऱ्हेने घेतले असता याच अवकाश-कालातील अवकाश सपाट, बंदिस्त अथवा ऋण वक्रतेचे दिसू शकते. त्या त्या सूत्राने व्यापलेला भाग लहानमोठा असतो, पण भूमिती एकच.

यावरून ‘अवकाशाची वक्रता’ आणि ‘अवकाश-कालाची वक्रता’ या दोन संज्ञांतील भेद ध्यानात येतो. पहिली कालाचे काप कसे घेतले यावर अवलंबून असते, दुसरी नसते. रिकाम्या डी सिटर विश्वाबाबत ‘ते स्थिर आहे की प्रसरण पावते?’ हा प्रश्न, कोणत्या निरीक्षकांच्या दृष्टीने ते सांगितल्याशिवाय, पूर्णच होत नाही. आपल्या विश्वात दीर्घिका आहेत, त्यांच्या गतीने एक नैसर्गिक निरीक्षकवर्ग ठरतो, म्हणूनच विश्वाच्या प्रसरणाला भौतिक अर्थ प्राप्त होतो.

५. गुरुत्वतरंग आणि एका परीक्षकाचे टिपण

सहनिर्देशकांच्या भ्रमाने स्वतः आइन्स्टाइन यांनाही चकविले. १९३६ मध्ये त्यांनी नेथन रोझेन यांच्यासह ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकाकडे एक निबंध पाठविला. समतल गुरुत्वतरंगांची अचूक उकल लिहू गेल्यास सूत्रात अटळपणे बिघाड येतो, यावरून असे तरंग अस्तित्वातच नसावेत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादकांनी निबंध परीक्षकाकडे पाठविला आणि परीक्षकाने सविस्तर आक्षेप नोंदविले. आपली संमती नसताना निबंध तज्ज्ञास दाखविल्याबद्दल आइन्स्टाइन रुष्ट झाले व त्यांनी तो परत घेतला. परंतु त्यानंतर मूळ युक्तिवादातील दोष त्यांच्या लक्षात आला. बिघाड सहनिर्देशकांचा होता आणि तीच उकल दंडगोलाकार तरंगांचे वर्णन करते असे मानता येत होते. सुधारित निबंध १९३७ मध्ये ‘जर्नल ऑफ द फ्रँकलिन इन्स्टिट्यूट’मध्ये नव्या निष्कर्षासह प्रसिद्ध झाला. तो परीक्षक म्हणजे रॉबर्टसन होते, हे २००५ मध्ये प्रकाशात आले. समकक्ष परीक्षणाची उपयुक्तता सांगणारे याहून बोलके उदाहरण क्वचितच आढळेल.

तरीही तरंगांच्या वास्तवाबद्दलचा वाद पुढील वीस वर्षे टिकला. सहनिर्देशकांच्या योग्य निवडीने तरंग ‘नाहीसे’ करता येतात, मग ते खरे कसे, असा प्रश्न होता. फेलिक्स पिरानी यांनी १९५६ मध्ये त्याचे उत्तर भूमितीतून दिले : मुक्तपणे जाणाऱ्या शेजारच्या दोन कणांमधील सापेक्ष प्रवेग हा थेट वक्रतेचे माप असतो आणि तो मोजता येतो. १९५७ मधील चॅपल हिल येथील परिषदेत हा विचार मांडला गेला. हर्मन बाँडी, पिरानी व आयव्हर रॉबिन्सन यांनी १९५९ मध्ये समतल तरंगांची अचूक व निर्दोष भूमिती विशद केली.

आजच्या गुरुत्वतरंग वेधशाळा याच तत्त्वावर उभ्या आहेत. अमेरिकेतील लायगो वेधशाळेच्या प्रत्येक बाहूची लांबी ४ किलोमीटर आहे. गणनेसाठी सोयीच्या एका सहनिर्देशक पद्धतीत तरंग जात असताना आरशांचे सहनिर्देशक मुळीच बदलत नाहीत. ‘मग आरसे हललेच नाहीत, तर मोजायचे काय?’ असे येथे वाटू शकते. परंतु आरशांमधून जाऊन परत येण्यास प्रकाशाला लागणारा काल बदलतो, आणि हा काल कोणत्याही सहनिर्देशकांत तोच येतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदलेल्या पहिल्या तरंगात सापेक्ष बदल १०च्या उणे २१व्या घाताच्या श्रेणीचा होता, म्हणजे ४ किलोमीटरमध्ये होणाऱ्या बदलापेक्षा प्रोटॉनचा व्यासही कित्येक शेकडा पट मोठा आहे. महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यात उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्यामुळे या चर्चेचा संबंध आता आपल्या परिसराशीही जडला आहे.

६. अविकारी राशी : नारळीकर व करमरकर यांचे कार्य

प्रत्येक अंतरसूत्रासाठी अशा वादांची पुनरावृत्ती व्हावयाची नसेल तर सहनिर्देशकांवर अवलंबून नसलेल्या राशींची व्यवस्थित यादी हाताशी हवी. वक्रतेचे २० घटक आणि एखाद्या बिंदूपाशी निरीक्षकाची चौकट फिरविण्याचे ६ स्वतंत्र मार्ग, यांचा हिशेब केल्यास २० वजा ६ म्हणजे १४ अविकारी राशी मिळतात.

कोल्हापूर येथे १९०८ मध्ये जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असताना तेथे सापेक्षता सिद्धांताच्या संशोधनाची एक परंपरा उभी राहिली. याच परंपरेतील के. आर. करमरकर यांच्यासह त्यांनी १९४९ मध्ये अशा १४ राशींचा संच प्रसिद्ध केला. या विषयाच्या वाङ्मयात आजही त्याचा उल्लेख होतो. करमरकर यांनी १९४८ मध्ये आणखी एक अट मांडली होती : गोलाकार सममितीचा अवकाश-काल पाच मितींच्या सपाट अवकाशात बसविता यावा यासाठी वक्रतेच्या घटकांत कोणता संबंध असावा. तारकांच्या प्रतिकृती रचण्यासाठी अलीकडच्या काळात ही ‘करमरकर अट’ मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

याच परंपरेतील प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रारण उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याच्या क्षेत्राची उकल दिली. दहा वर्षांनी त्यांनी तीच भूमिती अधिक योग्य काल-सहनिर्देशकात लिहिली आणि सूत्र अत्यंत सुटसुटीत झाले. सहनिर्देशकांची निवड भ्रम निर्माण करू शकते, तशी ती अर्थही उलगडू शकते, हे यावरून दिसून येते.

अविकारी राशींची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. समतल गुरुत्वतरंगांच्या भूमितीत वक्रतेतून तयार होणाऱ्या अशा सर्व बहुपदी राशी शून्य येतात, तरीही तो अवकाश-काल सपाट नसतो. म्हणजे राशी भिन्न असल्या तर भूमिती भिन्न हे निश्चित, परंतु राशी समान असल्या तर भूमिती समान असे म्हणता येत नाही. ही उणीव एली कार्तां यांच्या पद्धतीवर आधारित, आंडर्श कार्लहेडे यांनी १९८० मध्ये मांडलेल्या रीतीने भरून निघते. तीत योग्य चौकट निवडून वक्रता व तिचे अवकलज टप्प्याटप्प्याने ताडून पाहिले जातात.

७. नव्या उकलींचे परीक्षण

हा सर्व विचार केवळ इतिहासाचा नाही. अचूक उकली शोधणे हे आपल्या महाविद्यालयांतील गणिताच्या प्राध्यापकांना प्रयोगशाळेविना करता येणारे संशोधन असल्याने त्याकडे अनेकांचा ओढा असतो. तो स्वागतार्हच आहे. परंतु येथे एक सापळा आहे. कोणतेही अंतरसूत्र लिहून समीकरणांच्या भूमितीच्या बाजूत घातले की दुसऱ्या बाजूस कोणते तरी ‘द्रव्य’ मिळतेच. गणित बरोबर असते, पण निष्पन्न नवे असेलच असे नाही आणि ते निसर्गात संभवेल असेही नाही. आइन्स्टाइन व रोझेन यांच्या दंडगोलाकार तरंगांची उकल ग्विडो बेक यांनी १९२५ मध्येच दिली होती, हे येथे स्मरणात ठेवावे. तसेच एम. डेल्गेटी व केल लेक यांनी १९९८ मध्ये आदर्श प्रवाहीच्या स्थिर, गोलाकार अशा १२७ उकली तपासल्या, तेव्हा भौतिकदृष्ट्या ग्राह्य ठरण्याच्या प्राथमिक कसोट्यांना त्यांपैकी केवळ १६ उतरल्या.

म्हणून मार्गदर्शकाने व परीक्षकाने प्रत्येक नव्या अंतरसूत्राला पुढील प्रश्न विचारणे उचित ठरेल :

(१) सूत्र जेथे बिघडते तेथे अविकारी राशी काय सांगतात? त्या सांत असतील तर योग्य सहनिर्देशकांचा शोध घेतल्याविना ‘सिंग्युलॅरिटी’ हा शब्द वापरू नये.

(२) वक्रता सर्वत्र शून्य तर नाही? कालाच्या प्रमाणात प्रसरण पावणारे मिल्न यांचे विश्व हे सपाट अवकाश-कालाचाच एक भाग आहे.

(३) ज्ञात प्रमेयांशी विसंगती नाही ना? विश्वस्थिरांक नसलेली, गोलाकार सममितीची प्रत्येक निर्वात उकल स्थानिक पातळीवर श्वार्झशिल्ड यांचीच असते, हे बर्कहॉफ यांनी १९२३ मध्ये दाखविले आहे. तेव्हा अशी ‘कालानुसार बदलणारी’ नवी उकल समोर आली तर ती जुनीच भूमिती होय.

(४) मिळालेल्या द्रव्याची घनता धन आहे का, दाब पृष्ठभागाकडे घटतो का, आणि ध्वनीचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा कमी राहतो का?

यांपैकी पहिले दोन प्रश्न आज संगणकावरील बीजगणिती आज्ञावलींच्या साहाय्याने अल्पावधीत सोडविता येतात. तिसऱ्यासाठी वाचन हवे, तर चौथ्यासाठी भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याशी संवाद. गणित व भौतिकशास्त्र हे विभाग बहुतेक महाविद्यालयांत एकाच आवारात असतात, त्यामुळे असा संवाद अशक्य नाही.

८. समारोप

श्वार्झशिल्ड यांच्या उकलीतील क्षितिज चार दशके ‘भिंत’ समजले गेले, तर गुरुत्वतरंग तितकाच काळ ‘आभास’ ठरण्याच्या बेतात होते. पहिल्या प्रसंगी नकाशाची खूण वास्तव मानली गेली, दुसऱ्या प्रसंगी वास्तवाला नकाशाची खूण समजण्यात आले. दोन्ही वेळा गणितातील आकडेमोड चुकली नव्हती. चुकला होता तो तिचा अर्थ. सहनिर्देशक बदलल्यावरही जे टिकून राहते आणि तत्त्वतः मोजता येते तेच भूमितीचे, ही कसोटी या इतिहासातून हाती येते. नव्या उकलीची ओळख तिच्या अंतरसूत्राच्या रूपावरून नव्हे, तर या कसोटीवरून ठरवावी. आपल्या संशोधनाची पृष्ठसंख्या त्यामुळे कदाचित घटेल, पण त्यातील जे उरेल ते निश्चितपणे नवे असेल.